‘काय न्हाय, जाऊ दे’ : सांगणाऱ्याचं अर्धं राहिलेलं वाक्य

माणदेशी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आबा गावाहून आमच्याकडे पुण्याला आले होते. रात्री सगळे जेवायला बसलो होतो. बोलता बोलता पाण्याचा विषय निघाला आणि आबा म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात तुझी आजी..."

तेवढ्यात माझा फोन थरथरला. ताटाच्या डाव्या अंगाला, मिठाच्या वाटीजवळ पालथा ठेवला होता. मी तो उलटा करून पाहिला. सोसायटीच्या ग्रुपवर टँकर उशिरा येणार असल्याचा निरोप होता. वाचायला तीन-चार सेकंद लागले असतील. मान वर करून म्हटलं, "हां आबा, काय म्हणत होता?"

आबा भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत होते. म्हणाले, "काय न्हाय, जाऊ दे."

मी पुन्हा विचारलं. "आसंच काहीतरी," म्हणाले आणि नातीला शाळेचं विचारू लागले. चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवाही नव्हता. सांगायची ऊर्मी आली होती ती ओसरली, एवढंच. दोन दिवसांनी ते गावी गेले. बहात्तर साली आजीनं काय केलं, ते मला अजून माहीत नाही.

तेव्हापासून हे वाक्य आमच्या घरात कोण कोण म्हणतं ते मी ऐकू लागलोय. बायको म्हणते, "तुझं होऊ दे आधी." मुलगी नऊ वर्षांची आहे, ती म्हणते, "नंतर सांगते." ती नंतर सांगत नाही. दिवसात किती तास स्क्रीन पाहिली याचा हिशेब फोनच देतो. पण माझ्यासमोर किती वाक्यं अर्ध्यात गिळली गेली, याची नोंद कुठेच होत नाही. सगळे वेळ वाया जाण्याबद्दल बोलतात. मला वाटतं त्याहून मोठं नुकसान हे आहे, की आपली माणसं आपल्याला सांगायचं हळूहळू बंद करतात आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

तुमच्याकडे काय होतं? मनापासून लिहा.

---

शब्दसखी

वाचताना पोटात कालवलं. माझे वडील आता नाहीत. शेवटच्या वर्षी ते रोज संध्याकाळी फोन करायचे आणि मी स्पीकरवर टाकून लॅपटॉपवर काम करत राहायचे. एकदा म्हणाले, "टकटक ऐकू येतेय, तू काम कर." फोन ठेवताना नेहमी हेच म्हणायचे, "तू काम कर."

---

गुरुजी_पाड्यावरचे

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. एक निरीक्षण सांगतो. लहान मुलाला काही सांगायचं असलं आणि समोरचा दुसरीकडे बघत असला, की ते त्याची हनुवटी धरतं आणि तोंड आपल्याकडे वळवतं. "गुरुजी, इकडं बघा ना." मी हजेरी मोबाईलवर भरत असलो की माझीही हनुवटी धरतात. खडूनं भरलेले हात असतात, गालाला खडू लागतो.

दुसरीच्या शेवटापर्यंत बहुतेक मुलं हे सोडून देतात. थोडा मोठेपणाचा भाग असेल त्यात. पण काही मुलं शाळेत येतानाच ते सोडून आलेली असतात. कुणाचं तोंड वळवायचा प्रयत्नच करत नाहीत. मला त्यांची जास्त काळजी वाटते.

---

पाळणाघर_ताई

गुरुजी, तुम्ही लिहिलंत ते अगदी माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे. यावर एक जुना प्रयोग आहे. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात केलेला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, बोलते. मग सांगितल्याप्रमाणे ती चेहरा कोरा करते आणि काही क्षण बाळाकडे नुसती बघत राहते. ना हसू, ना हुंकार. मोबाईल जन्मायच्या आधीचा काळ, त्यामुळे फोनचा संबंध नव्हता. आई प्रतिसाद द्यायची थांबली तर बाळ काय करतं, एवढंच बघायचं होतं.

बाळ आधी हसून बघतं. मग बोट दाखवतं, हात पुढे करतं, चीत्कारतं. एरवी ज्या ज्या युक्तीनं आई हसते ती प्रत्येक युक्ती वापरून पाहतं. आणि कशालाच दाद मिळाली नाही की मान फिरवतं.

ते मान फिरवणं म्हणजे आबांचं "काय न्हाय, जाऊ दे" आहे. एवढ्याशा बाळाला शब्द नसतात, एवढाच फरक.

एक मात्र सांगते, कारण इथे तरुण आया वाचत असतील. त्याच प्रयोगात आई पुन्हा हसून बोलू लागली की बाळ हळूहळू परत येतं. सगळ्याच आईवडिलांचं लक्ष दिवसातून अनेकदा सुटतं, पूर्वीही चुलीकडे, गोठ्याकडे सुटायचं. सुटलेलं लक्ष परत येतं हे बाळाला कळलं पाहिजे. फोन पाहिलात म्हणून स्वतःला अपराधी समजू नका. खाली ठेवल्यावर त्याच्याकडे पूर्ण वळा.

---

टोरांटोची_लेक

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे, रागावू नका.

मी २००३ मध्ये इथे आले तेव्हा दुकानातून कॉलिंग कार्ड आणायचं, मागचा पट्टा नाण्याने खरवडायचा, लांबलचक आकडे दाबायचे, आणि आई फोनवर आली की मिनिटं मोजत बोलायचं. त्या घाईत फक्त मोठ्या बातम्या सांगून व्हायच्या. कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं. आईने आज काय भाजी केली हे विचारायला मिनिटं उरत नसत.

आता माझी रात्र असते आणि नागपूरला आईची सकाळ. ती फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि मेथी निवडते. मी इथे मुलाच्या डब्याची तयारी करत असते. कधी कधी दहा-दहा मिनिटं आम्ही दोघी बोलत नाही. मेथीच्या काड्या ताटात पडतात तो आवाज ऐकू येतो. मध्येच ती म्हणते, "यंदा थंडी नाहीच." वीस वर्षांच्या परदेशवासात मला माहेर परत मिळालं ते या फोनमुळे. त्याला शत्रू म्हणताना माझी जीभ अडखळते.

---

माणदेशी

ताई, रागावण्याचा प्रश्नच नाही. मेथीच्या काड्यांचं वाचून मी दोन मिनिटं थांबलो. तुमच्या फोनच्या दोन्ही टोकांना ऐकणारं माणूस आहे. माझ्या ताटाशेजारच्या फोनमुळे ऐकणारं माणूस उठून गेलं होतं. यंत्र एकच आहे, हे मान्य.

---

हातांची_भाषा

मी आणि माझे यजमान दोघेही जन्मापासून कर्णबधिर आहोत. व्हिडिओ कॉल आला तेव्हा आमच्यासाठी काय बदललं हे ऐकू येणाऱ्यांना समजावणं कठीण आहे. त्याआधी दूरच्या माणसाशी आमच्या भाषेत बोलताच येत नव्हतं, फक्त लिहिता येत होतं. माझ्या जावेशी मी पहिल्यांदा स्क्रीनवर हातांनी बोलले तेव्हा दोघींचे डोळे भरले आणि डोळे पुसायला हात लागले, म्हणून बोलणं थांबलं.

पण धाग्याच्या विषयाबद्दल आमच्याकडे एक गोष्ट फार स्पष्ट आहे. तुम्ही फोनकडे बघत "हं, हं, ऐकतोय" म्हणू शकता. आम्ही नाही म्हणू शकत. नजर हलली की वाक्य तुटलं. यजमानांनी खाली बघितलं तर माझे हात हवेतच थांबतात. म्हणून आमच्या घरी कुणाला फोन बघायचा असेल तर आधी तळहात दाखवून "थांब" सांगायचं, बघायचं, आणि परत आल्यावर "बोल" म्हणायचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी भांडून ठरवलेला नियम आहे. ऐकू येणारे पाहुणे आले की त्यांना हे फार औपचारिक वाटतं. मला मात्र त्यांचं "हं, हं" फार एकाकी वाटतं.

---

शब्दसखी

@हातांची_भाषा, तुमचा तळहात मी आजपासून उचलते आहे. स्पीकरवर टाकून टकटक करण्यापेक्षा "बाबा, पाच मिनिटं थांबा" म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं.

---

मागावरचा

आम्ही येवल्याचे, पैठणी विणणारे. नात्यांचं सगळ्यांनी लिहिलंच आहे, मी लक्षाबद्दल लिहितो.

पदरावर मोर काढताना रंगारंगाच्या तिल्ल्या, म्हणजे रेशीम गुंडाळलेल्या छोट्या कांड्या, वेगवेगळ्या जागी ताण्यातून काढायच्या असतात. किती तार उचलायचे, किती सोडायचे, हे प्रत्येक ओळीला मोजायचं. माझे वडील ओठ न हलवता मोजतात. त्यांच्या शेजारी बसलं तर श्वासावरून कळतं की मोजणी चालू आहे. घरात कुणी त्या वेळी हाक मारत नाही, आई चहासुद्धा खांबाशी ठेवून निघून जाते.

मी मागावर बसतो तेव्हा माझा फोन पाटीवर असतो. गेल्या श्रावणात मोराच्या मानेशी होतो, निळ्यातून हिरव्यात जायची जागा. फोन उजळला. उचलला नाही, आवाजही बंद होता, फक्त उजळला. चार तार चुकले. ते लगेच कळलं असतं तर ठीक होतं. बोटभर विणून झाल्यावर वडिलांनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, "मान मोडली रे त्याची." अख्खी दुपार उसवण्यात गेली. रेशीम उसवणं विणण्यापेक्षा अवघड, तार पिसटतो.

मला त्या दुपारचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की वडील अख्खा तास मोजणीत राहू शकतात आणि मला ते जमत नाही. मी आळशी नाही. पण फोन उजळला नाही तरी दर थोड्या वेळानं मीच तिकडे बघतो. उजळला का, म्हणून.

---

आकडेमोड

मागावरचा यांच्या शेवटच्या वाक्याला अभ्यासाचा आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क वीस वर्षांहून जास्त काळ माणसं स्क्रीनसमोर कशी काम करतात ते मोजत आल्या आहेत. २००४ मध्ये हातात स्टॉपवॉच घेऊन त्या लोकांच्या मागे बसायच्या. तेव्हा माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. २०१२ च्या सुमारास ७५ सेकंद. अलीकडच्या मोजणीत सुमारे ४७ सेकंद. आणि त्यांना आढळलं की जवळपास निम्मे व्यत्यय बाहेरून येतच नाहीत. माणूस स्वतःच स्वतःला तोडतो.

दुसरा एक अभ्यास सगळीकडे फिरतो, २०१७ चा, टेक्सास विद्यापीठातला. फोन टेबलावर पालथा, फोन खिशात किंवा पिशवीत, फोन दुसऱ्या खोलीत, असे तीन गट. दुसऱ्या खोलीवाल्यांची डोक्याची कामं सगळ्यात बरी झाली. म्हणजे माणदेशींच्या मिठाच्या वाटीजवळचा फोन थरथरला नसता तरी त्याने थोडं लक्ष खाल्लं असतं, असा त्याचा अर्थ लावतात. पण प्रामाणिकपणे सांगायला हवं की नंतर इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा सगळ्यांना हाच निकाल मिळाला नाही. त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये.

---

रात्रपाळी

माझ्या हातात असतं तर मी फोन दुसऱ्या खोलीतच ठेवला असता. कामाच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला "अर्जंट" येतं. पाहिलं तर निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर द्यावं लागतं, नाही पाहिलं तर सकाळी "काल तू नव्हतास का?" त्या निळ्या खुणा २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आल्या. मी नोकरीला नवा होतो, म्हणून मला तो महिना आठवतो. तोवर "पाहिलं नाही" म्हणायची सोय तरी होती.

लोकांना वाटतं आम्हाला फोनचं व्यसन आहे. माझा मुलगा झोपताना गोष्ट सांग म्हणतो आणि मी एका डोळ्याने राक्षस सांगतो, दुसऱ्याने ग्रुप बघतो. यात मला कसलीही मजा येत नाही, भीती असते.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात नसण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. माझ्यासारख्या लाखोंना मनोनिग्रहाचा उपदेश नको आहे, रात्री उत्तर न देण्याची मुभा हवी आहे.

---

वीस_वर्षांची

इथे सगळे मोठे लिहितायत म्हणून थोडं धीर करून लिहिते. आमच्या पिढीबद्दल सगळे बोलतात. पण मी दहावीत होते तेव्हा रोज शाळेतून आल्यावर आईला काहीतरी सांगायचे आणि ती मैत्रिणींच्या ग्रुपवर असायची. वाईट नव्हती ती. दिवसभर घरातलं करून तेवढाच तिला विरंगुळा होता, ते मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की घरी सांगण्यात अर्थ नाही. मग मी माझ्या फोनमध्ये शिरले, तिथे कुणीतरी लगेच उत्तर देत होतं.

आता आई म्हणते, "तू काहीच सांगत नाहीस." मला तिच्यावर राग नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

---

पाळणाघर_ताई

बाळा, इथे लिहिलंस तेच आईला वाचायला दे. जसंच्या तसं.

---

काळजीतली_आई

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. फोन काढून घेतला की वस्तू फेकतो, दोन दिवस जेवत नाही. शाळा बुडते आहे. समजावून थकलो. कुठे जावं?

---

पाळणाघर_ताई

ताई, हा निव्वळ हट्ट समजू नका आणि स्वतःला दोषही देऊ नका. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोन सेवा आहे, क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतःसाठी फोन करा, तुम्हालाही कुणाशी तरी बोलायची गरज आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर २०१४ पासून याच त्रासासाठी वेगळा दवाखाना आहे. तिथवर जाणं जमलं नाही तरी जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. फोन हिसकावून घेऊ नका, झटापटीत दोघांनाही इजा होते. काय झालं ते इथे नक्की कळवा, मी वाट बघेन.

---

कडेगावचा

आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं कुणीच कसं लिहिलं नाही? २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या गावानं ग्रामसभेत ठराव केला. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठला परत. मधला दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं बोलतात, वाचतात. सुरुवातीला गावातली माणसं घरोघरी फिरून आठवण करून द्यायची.

मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काय वाटतं सांगू? भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. एकट्यानं फोन ठेवला तर त्याला वाटतं आपण काहीतरी मुकतोय. गावानंच ठेवला तर मुकायला काही उरतच नाही, कारण पलीकडचाही ऑनलाइन नसतो. रात्रपाळी म्हणतात तेही हेच आहे. एकट्याच्या निश्चयानं हे होत नाही.

---

फोंड्याहून

आमच्या जुन्या घराला बाहेर बसायला सोपो आहे, दारात समोरासमोर दोन दगडी बाकं. संध्याकाळी तिथे बसलं की येणारा-जाणारा दोन शब्द बोलूनच पुढे जायचा. आता मी तिथे फोन घेऊन बसतो आणि लोक मला बघून न बोलता पुढे जातात, कामात आहे असं समजून. हे आज धागा वाचल्यावर माझ्या ध्यानात आलं. उद्या नुसता बसून बघतो.

---

माणदेशी

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण शनिवारी गावी गेलो होतो.

आबांना विट्यापर्यंत एका लग्नाला न्यायचं होतं. परत येताना गाडीत आम्ही दोघंच. फोन बंद करून मागच्या सीटवरच्या पिशवीत टाकला होता. रस्ता पाठ आहे, नकाशा लागत नाही. मी ठरवलं होतं की बहात्तरचं विचारायचं नाही. परवा फोनवर विचारलं होतं तेव्हा "कुठलं रे?" म्हणाले होते.

फाट्यावरून गावाकडे वळलो. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर आबा म्हणाले, "जरा बाजूला घे." मला वाटलं लघवीला जायचं असेल. ते उतरले आणि चपलेनं डांबराची कड उकरू लागले. कडेला खालची खडी उघडी पडली होती.

म्हणाले, "ह्यो सगळा पट्टा तुझ्या आजीनं फोडलाय."

दुष्काळी काम होतं. आबा तेव्हा अकरा वर्षांचे. आजी सकाळी हातोडी घेऊन खडी फोडायला यायची आणि आबा धाकट्या बहिणीला घेऊन बाभळीखाली बसायचे. ढीग मोजायला मुकादम यायचा. दुपारी सुकडी मिळायची, ती आजी तिथे खायची नाही, पदराला गाठ मारून ठेवायची. रात्री घरी गाठ सोडली की सुकडीत खडीची कच असायची. "दातात कचकचायची," आबा म्हणाले, "पण आम्ही थुकत न्हवतो."

मग बराच वेळ गप्प उभे राहिले. मीही काही विचारलं नाही. वाळलेल्या गवतातून वारा जात होता. नंतर त्यांनी दोन खडे उचलले, एक खिशात टाकला आणि दुसरा माझ्या हातात दिला. "पोरीला दे," म्हणाले.

या रस्त्यावरून मी चाळीस वर्षं येतोय-जातोय.

---

टोरांटोची_लेक

मुलीला दिलात का?

---

माणदेशी

दिला. तिनं विचारलं हा कुठला दगड. मी सांगायला सुरुवात केली आणि तिनं मध्येच माझी हनुवटी धरली, कारण मी सांगताना खिडकीबाहेर बघत होतो.